गझलेचे दोन प्रवास : दापोली आणि अ‍ॅमहर्स्ट

दापोलीहून दाभोळला जाणारी एसटी उतार उतरू लागली की वाशिष्ठीची खाडी दिसू लागते. खाली जेट्टीजवळ आदिलशाही काळातली दगडी मशीद उभी आहे. आज दाभोळ लहानसे गाव आहे. पण बहामनी आणि आदिलशाही अमदानीत ते दख्खनचे नामांकित बंदर होते. येथून होर्मुझकडे गलबते जात आणि तिकडून घोडे, खजूर, कापडचोपड आणि माणसे येत. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात हिंदुस्थानातून मायदेशी निघाला तो याच बंदरातून.

या समुद्रमार्गाशी जोडलेली एक गोष्ट इतिहासकार फरिश्ता सांगतो. बहामनी सुलतानाने शिराझच्या हाफिजला दख्खनला येण्याचे निमंत्रण दिले, वाटखर्चही पाठवला. हाफिज होर्मुझपर्यंत आला, जहाजावरही चढला. तेवढ्यात वादळ सुटले. कवी घाबरला, काहीतरी निमित्त काढून खाली उतरला आणि आपल्याऐवजी एक गझल लिहून सुलतानाकडे पाठवून दिली. कवी आला नाही, गझल मात्र आली.

ही गोष्ट तंतोतंत खरी असो वा नसो, तिच्यात गझलेचा स्वभाव आला आहे. गझल कवीपेक्षा लांबचा प्रवास करते. अरबीत जन्मली, फारसीत वाढली, दख्खनमध्ये येऊन तिने दखनी आणि उर्दूचा पेहराव केला. गोवळकोंड्याचा मुहम्मद कुली कुतुबशाह, औरंगाबादचे वली आणि सिराज ही नावे वाचकांना ठाऊकच आहेत. म्हणजे उर्दू गझल दिल्लीत प्रतिष्ठित होण्यापूर्वी आपल्या शेजारी, मराठी मुलखाच्या अंगणात खेळत होती. पुढे विसाव्या शतकात तिने आणखी दोन मोठे प्रवास केले. एक मराठीत, दुसरा अमेरिकन इंग्रजीत. या दोन्ही प्रवासांत तिचे काय हरवले, ते कोणी परत मिळवून दिले आणि त्यातून आपण मुस्लिम मराठी लेखकांनी काय घ्यावे, याचा विचार या लेखात करायचा आहे.

आपल्या घरातला प्रश्न

हा विषय मला का महत्त्वाचा वाटतो ते आधी सांगतो. दापोली, मंडणगड, खेड या भागातल्या मुसलमान घरांत बोली कोकणी, म्हणजे मराठीचीच एक बोली. शाळा बहुतेकांची उर्दू. मदरशात अरबीची ओळख. बाजारात, कचेरीत, एसटीत मराठी. आणि घरातला कर्ता पुरुष मुंबईत, आखातात किंवा आफ्रिकेत. अशा घरातला मुलगा कविता लिहू लागला की त्याला दोन बाजूंनी एकच प्रश्न येतो. घरातले वडीलधारे म्हणतात, "मराठीत कशाला? आपली जबान उर्दू." मराठी मित्र कौतुकाने म्हणतात, "तुमची मातृभाषा उर्दू असून तुम्ही मराठी किती छान लिहिता!" दोघांचाही हेतू चांगला असतो. पण दोघेही त्या मुलाला सांगत असतात की तू ज्या भाषेत लिहितोस ती तुझी नव्हे.

मीही या दोन्ही प्रश्नांतून गेलो आहे. तरुणपणी एका मुशायऱ्यात मराठी गझल वाचली तेव्हा मागच्या रांगेतून कोणी तरी म्हणाले, "अरे, यह तो भजन हो गया." हशा झाला. पुढे एका मराठी कविसंमेलनात तीच गझल वाचली तेव्हा सूत्रसंचालकाने मला 'उर्दूचा सुगंध घेऊन आलेले' असे म्हटले. त्या गझलेत उर्दू शब्द एकही नव्हता.

या अनुभवाचे उत्तर मला बरीच वर्षे सापडत नव्हते. ते सापडले एका अमेरिकन कवीच्या पुस्तकांत. हा अमेरिकन कवी काश्मिरी मुसलमान होता. त्याचे नाव आगा शाहिद अली.

शाहिद कोण?

आगा शाहिद अली यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९४९ रोजी नवी दिल्लीत झाला. बालपण श्रीनगरमध्ये गेले. घराणे शिया, शिकलेले आणि मोकळ्या विचारांचे. वडील आगा अशरफ अली शिक्षणतज्ज्ञ. आई सुफिया नोमानी सुन्नी घरातल्या, उत्तर प्रदेशातल्या रुदौलीच्या. घरात काश्मिरी, उर्दू आणि इंग्रजी तिन्ही भाषा आणि फारसी कवितेचे पाठांतर. शाळा कॅथलिक मिशनऱ्यांची. लहानपणी शाहिदला आपल्या खोलीत हिंदूंचे मंदिर उभारावेसे वाटले. आईने त्याला मूर्ती आणि पूजेचे साहित्य आणून दिले. त्यांचे मित्र, कादंबरीकार अमिताव घोष यांनी ही आठवण नोंदवून ठेवली आहे.

काश्मीर आणि दिल्ली येथे शिक्षण, मग दिल्लीच्या हिंदू कॉलेजात अध्यापन. पहिले दोन कवितासंग्रह कलकत्त्याच्या रायटर्स वर्कशॉपने १९७२ आणि १९७९ साली काढले. सत्तरच्या दशकात ते अमेरिकेला गेले आणि तिथेच स्थायिक झाले. पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातून १९८४ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय होता संपादक टी. एस. एलियट. आपल्याकडे मर्ढेकरांपासून ज्या एलियटचा बोलबाला झाला तोच हा एलियट. जन्माने अमेरिकन, नंतर इंग्लंडचा झालेला. एका देशातून दुसऱ्या देशात गेलेल्या कवीचा अभ्यास दुसऱ्या स्थलांतरित कवीने करावा, हे साहजिकच होते.

शाहिद यांच्या संग्रहांची नावे पाहिली तरी त्यांच्या विषयांची कल्पना येते. १९८७ चा 'द हाफ-इंच हिमालयाज'. ज्या हिमालयाच्या पायथ्याशी बालपण गेले तो पोस्टकार्डावर अर्ध्या इंचाचा झालेला. १९९१ चा 'अ नॉस्टॅल्जिस्ट्स मॅप ऑफ अमेरिका'. अमेरिकेच्या वाळवंटातून मोटारीने जाताना कवीला काश्मीरच दिसते. १९९७ चा 'द कंट्री विदाउट अ पोस्ट ऑफिस'. २००१ चा 'रूम्स आर नेव्हर फिनिश्ड', जो अमेरिकेच्या नॅशनल बुक अवॉर्डसाठी अंतिम यादीत होता. आणि त्यांच्या मृत्यूनंतर २००३ साली आलेला गझलांचा संग्रह 'कॉल मी इश्माएल टुनाइट'. या शेवटच्या नावात दोन घरे एकत्र आली आहेत. इश्माएल हा मेल्व्हिलच्या प्रसिद्ध अमेरिकन कादंबरीचा निवेदक, आणि तोच आपल्या परंपरेत हजरत इस्माईल अलैहिस्सलाम यांच्या नावाचा वारस.

टपाल आणि करबला

शाहिद यांच्या कवितेचा पहिला मोठा विषय वियोग. 'पोस्ट ऑफिस नसलेला देश' हे नाव कल्पनेतून आलेले नाही. १९९० साली काश्मीर खोऱ्यात हिंसाचार उसळला तेव्हा कित्येक महिने टपालाचे वाटप बंद होते. पत्रे पोत्यांत पडून राहिली. शाहिद अमेरिकेत, त्यांची माणसे श्रीनगरमध्ये. त्या पडून राहिलेल्या पत्रांभोवती हा संग्रह उभा आहे. त्यात मारले गेलेले काश्मिरी तरुण आहेत, तसेच घरदार सोडून निघून गेलेले पंडित मित्रही आहेत. दोघांचेही दुःख शाहिद यांनी आपले मानले. त्यांनी कविता कोणत्याही पक्षाच्या झेंड्याखाली नेली नाही, आणि गप्पही बसले नाहीत. ५ ऑगस्ट २०१९ रोजी काश्मीरमध्ये फोन आणि इंटरनेट बंद झाले तेव्हा या पुस्तकाचे नाव पुन्हा अनेकांच्या तोंडी आले. त्या वेळी कवीला जाऊन जवळजवळ अठरा वर्षे झाली होती.

कोकणातल्या वाचकाला हा विषय परका वाटायचे कारण नाही. आपल्या गावांत पोस्टमनच्या सायकलची वाट पाहण्यात बायकांची आयुष्ये गेली. कुवेतहून, दुबईहून, केपटाऊनहून येणारे निळे पाकीट दोन महिने आले नाही तर घर सुन्न होई. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेतचा घास घेतला तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी घरांनी असे निःशब्द महिने काढले. त्या वर्षी श्रीनगरच्या माणसांना आणि कुवेतमधल्या कोकणी माणसांना एकाच गोष्टीची टंचाई होती, खुशालीच्या दोन ओळींची. फरक एवढाच की आपल्या त्या महिन्यांची कविता फारशी लिहिली गेली नाही.

दुसरा विषय मृत्यू. शाहिद यांच्या आईला मेंदूचा कर्करोग झाला. उपचारांसाठी तिला अमेरिकेत आणले होते, तिथेच १९९७ साली ती वारली. तिचा मृतदेह काश्मीरला नेऊन दफन केला. 'रूम्स आर नेव्हर फिनिश्ड' मधली मुख्य कविता या प्रवासाची आहे, अ‍ॅमहर्स्ट ते काश्मीर. तिच्यात शाहिद यांनी करबलाची कथा गुंफली आहे. इमाम हुसैन यांच्या शहादतीनंतर बीबी जैनब यांनी केलेला शोक आणि आईच्या शवपेटीसोबत निघालेला मुलगा, या दोन गोष्टी तिथे शेजारी येतात. मोहरमचा मर्सिया ज्यांनी ऐकला आहे त्यांना या कवितेचा ताल ओळखता येईल. इंग्रजी वाचकाला मात्र टिपा वाचाव्या लागतात. शाहिद यांनी टिपा दिल्या, पण मर्सिया सोपा करून इंग्रजांच्या पानात वाढला नाही.

पुढे तोच आजार त्यांनाही झाला. ८ डिसेंबर २००१ रोजी अ‍ॅमहर्स्ट येथे वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. अ‍ॅमहर्स्ट हे मॅसॅच्युसेट्स राज्यातले छोटे गाव. एमिली डिकिन्सन या थोर अमेरिकन कवयित्रीने आपले सारे आयुष्य तिथेच काढले, आणि घराबाहेर क्वचितच पडणाऱ्या त्या बाईच्या कवितेतही काश्मीरचे नाव आले आहे. शाहिद यांना या योगायोगाचे फार अप्रूप होते.

अमेरिकेत आलेली अर्धी गझल

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. गझल अमेरिकेत शाहिद यांच्या आधीच पोचली होती. गालिबचे निधन १८६९ सालचे. १९६९ साली शताब्दी होती. त्या निमित्ताने एजाज अहमद या तरुण उर्दू अभ्यासकाने एक प्रयोग केला. गालिबच्या निवडक शेरांचे सरळ गद्य भाषांतर, शब्दांचे अर्थ आणि टिपणे तयार करून त्यांनी ती काही अमेरिकन कवींना दिली. एड्रिएन रिच, डब्ल्यू. एस. मर्विन, विल्यम स्टॅफर्ड, मार्क स्ट्रँड अशी त्यातली नावे. या कवींना उर्दू येत नव्हते. त्यांनी त्या टिपणांवरून आपापल्या इंग्रजी कविता रचल्या. १९७१ साली हे पुस्तक प्रसिद्ध झाले.

एड्रिएन रिच यांच्यावर या प्रयोगाचा खोल परिणाम झाला. त्यांनी १९६८ साली स्वतःच्या गझला लिहिल्या आणि त्या गालिबला अर्पण केल्या. अमेरिकेत तेव्हा व्हिएतनाम युद्धाविरुद्ध निदर्शने चालू होती. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या त्याच वर्षीची. सगळे विस्कटलेले होते. अशा वेळी ज्या कवितेत प्रत्येक शेर स्वतंत्र असतो, एका शेरात प्रेम आणि पुढच्यात राजकारण चालते, ती कविता रिच यांना आपल्या काळासाठी योग्य वाटली. त्यांनी शेरांची ही स्वतंत्रता घेतली. पण काफिया आणि रदीफ सोडून दिले. जिम हॅरिसन यांच्यासारख्या इतर कवींनीही तेच केले. होता होता अमेरिकेत असा समज झाला की एकमेकींशी संबंध नसलेल्या दोन-दोन ओळी लिहिल्या की गझल झाली.

शाहिद यांना हे खटकले. त्यांनी रिच यांच्या कवितेचा अनादर केला नाही; पण ही गझल नव्हे, असे स्वच्छ सांगितले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : शेर सुटे असतात म्हणून तर त्यांना बांधणारा धागा घट्ट हवा. मतल्यात दोन्ही मिसऱ्यांच्या शेवटी काफिया आणि रदीफ येणार. पुढे प्रत्येक शेराच्या दुसऱ्या मिसऱ्यात ते परत येणार. श्रोता त्याची वाट पाहणार. मुशायऱ्यात काफिया कानावर पडताच सारा मजमा शायराबरोबर रदीफ म्हणून टाकतो, तो आनंद काढून घेतला तर उरते काय? एकाच बंधनामुळे विषयाचे स्वातंत्र्य शक्य होते. बंधन काढले की स्वातंत्र्यही पोकळ होते.

ते केवळ तक्रार करून थांबले नाहीत. अमेरिकन कवींना भेटून, गळ घालून, थट्टामस्करी करून त्यांनी नियमातली इंग्रजी गझल लिहायला लावली. कवी जॉन हॉलंडर यांनी १९८१ च्या आपल्या छंदशास्त्राच्या पुस्तकात गझलेचा नियम गझलेतच सांगितला होता, त्याचा दाखला ते देत. शंभरावर कवींच्या अशा गझला जमवून त्यांनी २००० साली 'रॅव्हिशिंग डिसयुनिटीज' हा संग्रह संपादित केला. त्याच्या उपशीर्षकातच 'अस्सल गझला' हा शब्द आहे. उच्चाराबाबतही त्यांचा आग्रह होता. अमेरिकन माणूस 'गझाऽल' म्हणे, शाहिद त्याला थांबवून 'गझल' म्हणायला लावत. आपल्याकडेही माधव ज्यूलियनांच्या काळात हा शब्द 'गज्जल' असाच लिहिला जाई, हे येथे आठवते.

बंधनाची ही ओढ त्यांना दोन ठिकाणांहून मिळाली. एक अमेरिकन कवी जेम्स मेरिल यांच्या स्नेहातून. मेरिल छंदोबद्ध रचनेचे उस्ताद होते. दुसरी बेगम अख्तर यांच्या गाण्यातून. दिल्लीच्या दिवसांत शाहिद त्यांच्या सहवासात आले. बेगमसाहेबा १९७४ साली गेल्या तेव्हा शाहिद यांनी त्यांच्यावर कविता लिहिली. अमेरिकेतल्या त्यांच्या घरी मेजवानीला रोगनजोश आणि बेगम अख्तरांची ध्वनिमुद्रणे ठरलेली असत. फैज अहमद फैज यांच्या कवितांचा त्यांनी इंग्रजीत अनुवाद केला त्यामागेही हाच कान होता.

आज पॅट्रिशिया स्मिथ या कृष्णवर्णीय कवयित्री, हेदर मॅकह्यू, मेरिलिन हॅकर अशा कितीतरी अमेरिकन कवींनी काफिया-रदीफ सांभाळून गझला लिहिल्या आहेत. स्मिथ यांनी तर हिप-हॉपच्या ठेक्यावर गझल लिहिली. अमेरिकन काव्यलेखनाच्या वर्गात गझल शिकवली जाते आणि तिचे नियम सांगितले जातात. याचे श्रेय प्रामुख्याने शाहिद यांचे आहे.

मराठीत आलेली दुसरी अर्धी

आता आपल्याकडे पाहू. मराठीत अमृतराय आणि मोरोपंत यांच्यापासून गझलेच्या खुणा सापडतात. पण तिची खरी प्रतिष्ठापना केली माधव त्र्यंबक पटवर्धन ऊर्फ माधव ज्यूलियन यांनी. ते फारसीचे प्राध्यापक. १९२५ साली त्यांनी फारसी-मराठी कोश दिला. उमर खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या. १९३३ साली त्यांचा 'गज्जलांजली' हा संग्रह आला. फारसी वृत्ते मराठीच्या लगावलीत कशी बसवायची याचे पक्के शास्त्र त्यांनी 'छंदोरचना' या ग्रंथात मांडले. फारसी न येणाऱ्या मराठी कवीलाही त्यांच्यामुळे ही वृत्ते हाताळता आली.

पण त्यांच्या बहुतेक गज्जला वाचताना ध्यानात येते की एक भावना पहिल्या शेरात सुरू होते आणि शेवटपर्यंत चालत राहते. ती एका विषयाची सलग कविता होते. वृत्त आहे, यमक आहे, अनेकदा रदीफही आहे. नाही ती शेराची स्वतंत्रता. म्हणजे अमेरिकेत जे घडले त्याच्या नेमके उलट आपल्याकडे घडले. रिच यांनी सुटे शेर घेतले आणि काफिया-रदीफ टाकला. माधव ज्यूलियनांनी वृत्त-यमक घेतले आणि सुटा शेर मागे राहिला. एका भाषेत गझलेचा एक अर्धा भाग पोचला, दुसऱ्या भाषेत दुसरा.

आणि दोन्हीकडे एकेक आग्रही माणूस निघाला. मराठीत सुरेश भट. 'रंग माझा वेगळा' १९७४ चा, 'एल्गार' १९८३ चा. शेर हा दोन ओळींत पुरा झाला पाहिजे, स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे, हा नियम त्यांनी महाराष्ट्रभर फिरून सांगितला. 'गझलेची बाराखडी' ही पुस्तिका लिहून नवशिक्यांना वाटली, पत्रांतून तरुणांच्या गझला दुरुस्त केल्या. भट २००३ च्या मार्चमध्ये गेले, शाहिद त्यांच्या आधी सव्वा वर्ष. एक अमरावतीचा, एक श्रीनगरचा. काम मात्र एकच केले. गझल परक्या भाषेत नेताना तिचे कायदे सोबत नेले, आणि तरीही तिला त्या भाषेची करून टाकले.

दापोलीचे खावर

या दोन प्रवासांच्या मध्ये मला दापोली दिसते, कारण येथे बदीउज्जमा खावर होते.

खावर यांचे नाव उर्दू अदबेत आधी झाले. कोकणातल्या या शायराने उर्दूत गझला आणि नज्मा लिहिल्या, मुलांसाठी लिहिले, मराठी कविता उर्दूत नेली. सुरेश भटांमुळे मराठीत गझलेचे वातावरण तयार झाले त्या काळात खावर मराठी गझलेकडे वळले. त्यांच्या एका संग्रहाचे नाव आहे 'माझिया गझला मराठी'. या तीन शब्दांत मला आमच्या घरातल्या त्या जुन्या प्रश्नाचे उत्तर दिसते. 'माझिया' हे संतांच्या ओवी-अभंगातले रूप. 'गझला' अरबी-फारसीतून आलेली. 'मराठी' हे विशेषण शेवटी, ठामपणे. क्षमा मागण्याचा सूर नाही, आणि उर्दूवरचा हक्कही सोडलेला नाही.

मराठीत गझल लिहिणाऱ्या इतर कवींपेक्षा खावर यांची जागा वेगळी होती. माधव ज्यूलियन ग्रंथातून फारसीकडे गेले. भटांनी उर्दू शायरी ऐकून, वाचून आत्मसात केली. खावर यांना उर्दू गझल बाहेरून आणायची नव्हती. ती त्यांच्या लेखणीत आधीपासून होती. त्यांना जायचे होते ते बोलण्याच्या मराठीकडून लिहिण्याच्या मराठीकडे. शाहिद यांचेही असेच झाले. इंग्रजी कवी गझल शिकायला उर्दूकडे आले; शाहिद उर्दू कानात घेऊनच इंग्रजीत उतरले. म्हणून दोघांनाही रदीफ हा शिकलेला नियम वाटला नाही. तो त्यांना श्वासासारखा होता.

मक्त्याचेही असेच. गझलेच्या शेवटच्या शेरात शायर आपले तखल्लुस घालतो. 'खावर' म्हणजे सूर्य उगवतो ती दिशा, पूर्व. पश्चिम किनाऱ्यावर राहणाऱ्या कवीने पूर्वेचे नाव घ्यावे, हे गमतीचे आहे. शाहिद यांनी तर आपल्या नावाचाच खेळ केला. एका गझलेच्या मक्त्यात ते अमेरिकन वाचकाला समजावतात की या नावाचा फारसीत अर्थ प्रियतम आणि अरबीत साक्षीदार. परदेशात ज्याचे नाव रोज चुकीचे उच्चारले जाते, त्याने गझलेच्या नियमाचा आधार घेऊन ते नाव वाचकाच्या तोंडी बसवले. तखल्लुस हा केवळ शोभेचा रिवाज नाही, हे मला त्या दिवशी कळले. ज्याला सतत 'तू कुठला?' असे विचारले जाते, त्याला आपले नाव कवितेच्या आत लिहून ठेवायची सोय हा फॉर्म करून देतो.

खावर यांच्यानंतर मुस्लिम मराठी कवींच्या गझलेची वाट रुंदावली. इलाही जमादार यांची गझल गायकांच्या ओठी गेली. ते ३१ जानेवारी २०२१ रोजी आपल्यातून गेले. ए. के. शेख, खलील मोमीन आणि इतर अनेकांनी ही वाट चालती ठेवली. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा 'मराठी ही आमचीही भाषा' हे विधान व्यासपीठावरून झाले. गझलेत ते आधीच झालेले होते.

नियम पुरेसे आहेत का?

एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. शाहिद आणि भट यांच्या आग्रहाचा आपण सोयीचा अर्थ काढतो. काफिया जुळला, लगावली बसली, की गझल झाली असे मानतो. आज मोबाइलवर रोज शेकडो मराठी गझला फिरतात. त्यांतल्या बऱ्याच निर्दोष असतात आणि दुसऱ्या दिवशी आठवत नाहीत. आधी रदीफ निवडायचा आणि मग त्याच्या पोटी शेर जन्माला घालायचे, अशी ही कारागिरी आहे. उलट रिच यांच्या नियमबाह्य गझला आजही वाचल्या जातात, कारण त्यांत १९६८ चे अमेरिकेचे दुखणे आहे. माधव ज्यूलियनांच्या सलग गज्जलाही केवळ नियमभंगासाठी बाजूला टाकण्यासारख्या नाहीत.

शाहिद यांच्या बाबतीत नियम आणि दुःख एकत्र आले. परत परत येणारा रदीफ त्यांना हवा होता, कारण त्यांना स्वतःला परत जाता येत नव्हते. आईच्या मृत्यूवर त्यांनी 'कांझोने' हा अतिशय कठीण युरोपीय छंद वापरला, त्यातही तेच तेच शब्द ओळीच्या शेवटी फिरून येतात. शोक करणारा माणूस एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतो, तसे. आधी सांगण्यासारखे काही असले आणि ते आवरत नसले, तर नियम कामाला येतो. तसे काही नसेल तर नियम नुसताच खुळखुळतो.

आपल्याकडे सांगण्यासारखे कमी नाही. बंदरे ओस पडलेली, घरे कुलूपबंद, आंब्याच्या बागा कराराने दिलेल्या, पेन्शनीला आलेला आखातातला माणूस आणि त्याला न ओळखणारी नातवंडे. दंगलीच्या बातमीने धास्तावलेली मोहल्ल्यातली रात्र. शेजारच्या गणपतीला दूर्वा काढून देणारी आणि ताजियाला नवस बोलणारी जुनी माणसे. हे सारे मराठी गझलेत अजून पुरेसे आलेले नाही. आपण अजूनही साकी, मैखाना आणि परवाना यांत अडकतो, कारण ते लिहिले की गझल 'गझलेसारखी' वाटते. शाहिद यांनी इंग्रजीत लिहिताना साकी सोडला आणि टपाल घेतले.

शेवटी एक गोष्ट. गेल्या वर्षी इंग्लंडहून आमच्या नात्यातली एक मुलगी सुट्टीत दापोलीला आली होती. तिला उर्दू वाचता येत नाही, मराठी तुटकपणे बोलते, कोकणी मात्र आजीशी बोलून शिकलेली. कॉलेजात तिला 'घझाऽल' नावाचा काव्यप्रकार शिकवला होता. वहीत तिने एक लिहिलीही होती, इंग्रजीत. तिने ती आजीला वाचून दाखवली. आजीला इंग्रजी कळत नाही. पण चौथ्या शेराला, तो एकच शब्द ओळीच्या शेवटी येणार हे हेरून, आजीने नातीच्या आधीच तो शब्द उच्चारला. मुलगी दचकून वर पाहू लागली. आजी म्हणाली, "मग? तुजा पणजा गावचो शायर होतो."

त्या मुलीला मी शाहिद यांच्या पुस्तकांची नावे लिहून दिली, आणि खावर यांचा संग्रह. दुसऱ्यासाठी तिला अजून थोडी मराठी शिकावी लागेल. ती म्हणाली, शिकेन. आपल्या वाचकांपैकी ज्यांच्याकडे खावर यांच्या संग्रहांच्या जुन्या प्रती असतील त्यांनी त्या जपून ठेवाव्यात आणि गावच्या वाचनालयाला एक तरी प्रत द्यावी, एवढी विनंती करतो.